किनारा सोडून आत: श्रीलंकेच्या गावागावांतून फिरायचं असेल तर

श्रीलंकेची माझी पहिली सहल सहा दिवसांची होती आणि त्यात सात ठिकाणं होती. गावं पाहिली ती गाडीच्या काचेतून: भाताची खाचरं, पांढऱ्या गणवेशातली शाळकरी मुलं, शहाळ्यांच्या राशी, आणि मग पुढचं हॉटेल. दुसऱ्या खेपेला अठरा दिवस काढले, मुक्काम चारच केले आणि समुद्र शेवटच्या दिवशी विमानातून पाहिला. मधल्या काळात ज्या चुका केल्या आणि जी माहिती शोधताना डोकं पिकलं, ती तुमच्यासाठी इथे क्रमाने मांडतोय. बेटाच्या आतल्या भागात स्वतःच्या हिमतीवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

१. आधी ‘आत’ म्हणजे कुठे, ते ठरवा

आतला भाग एकसारखा नाही. ढोबळमानाने त्याचे तीन तुकडे पडतात. कँडीच्या आसपासची जुनी गावं म्हणजे मसाल्याच्या बागा, देवळं, पितळकाम आणि लाकूडकाम. त्याच्या दक्षिणेला हट्टन, नुवारा एलिया, हपुतले, बंडारवेला, बदुल्ला हा चहाच्या मळ्यांचा डोंगराळ पट्टा. आणि उत्तरेला-पूर्वेला दंबुल्ला, अनुराधपूर, महियंगना या बाजूचा कोरडा सपाट मुलूख, जिथे प्रत्येक गाव एका तळ्याच्या आधाराने वसलेलं आहे.

पहिल्या खेपेला यातले दोनच निवडा. बेट ६५,६१० चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं. नकाशा पाहून वाटतं, यात काय, चार दिवसांत होईल! पण डोंगरातले रस्ते वळणांचे आहेत आणि कँडीहून चहाच्या पट्ट्यातल्या एल्लाला रेल्वेने जायलाच सात तासांच्या आसपास लागतात. मी स्वतःसाठी एक नियम केला होता: ज्या दिवशी तीन तासांहून जास्त प्रवास, त्या दिवशी दुसरं काहीही ठरवायचं नाही. एका मुक्कामी किमान तीन रात्री. पहिल्या दिवशी गाव तुमच्याकडे पाहतं, दुसऱ्या दिवशी ओळखतं, तिसऱ्या दिवशी कोणीतरी हाक मारून चहाला बसवतं. माझ्याबाबतीत चारही मुक्कामी हे असंच झालं.

२. महिना निवडताना दोन पावसाळे लक्षात ठेवा

इथे नवखा माणूस हमखास फसतो. श्रीलंकेत पावसाचे दोन हंगाम आहेत आणि दोन्ही सगळ्या बेटावर सारखे बरसत नाहीत. मे ते सप्टेंबरचा नैऋत्य मोसमी पाऊस डोंगरांच्या पश्चिम उतारावर कोसळतो. हट्टन-नुवारा एलियाची बाजू तेव्हा ओलीचिंब असते. त्याच दिवसांत डोंगराच्या पलीकडे, बदुल्ला-बंडारवेला या उवा प्रांतात, कोरडा वारा सुटलेला असतो. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या ईशान्य पावसात उलटं होतं. चहावाल्यांचं गणितही यावरच चालतं: नुवारा एलियाच्या बाजूचा उत्तम चहा वर्षाच्या सुरुवातीच्या कोरड्या महिन्यांत, तर उवाचा जुलै ते सप्टेंबरमध्ये. तुम्हीही तेच गणित वापरा. जानेवारी ते मार्चमध्ये जात असाल तर पश्चिम डोंगर, जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर उवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर शक्यतो टाळा. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो आणि दरडींचा धोका खरा आहे. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दित्वाह चक्रीवादळाने याच डोंगराळ जिल्ह्यांत फार मोठी हानी केली, रेल्वेमार्गही ठिकठिकाणी तुटला. त्यामुळे निघण्याआधी गाडी पूर्ण मार्गावर धावते आहे का आणि तुम्ही निवडलेल्या गावाचा रस्ता चालू आहे का, हे यजमानाला फोन करून विचाराच.

आणखी दोन गोष्टी पंचांगात पाहून ठेवा. १३-१४ एप्रिलच्या सुमारास सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं; त्या आठवड्यात दुकानं बंद, बस तुरळक, आणि सारा देश आपापल्या गावी गेलेला. दुसरी म्हणजे पोया, दर महिन्याची पौर्णिमा. ती सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी दारू विकत नाहीत. कामं करायला दिवस वाईट, पण गाव पाहायला सर्वांत चांगला. पांढरे कपडे घातलेली, हातात कमळं घेतलेली कुटुंबं विहाराकडे चाललेली असतात. पोया चुकवू नका, उलट ती एखाद्या लहान गावात येईल असा बेत करा.

३. कागदपत्रं आणि सामान

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत असलेला, परतीचं तिकीट.
- ऑनलाइन प्रवास परवाना, म्हणजे ईटीए. शुल्काचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून सरकारी संकेतस्थळावरच पाहा. हुबेहूब दिसणारी आणि जादा पैसे उकळणारी खाजगी संकेतस्थळं बरीच आहेत.
- पहिल्या मुक्कामाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहिलेला. रिक्षावाल्याला मोबाइल दाखवण्यापेक्षा हा कागद कामी येतो.
- रोख श्रीलंकन रुपये, लहान नोटांत. २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालं असलं तरी खेड्यातल्या दुकानात त्याच्या भरवशावर राहू नका. एटीएम तालुक्यासारख्या मोठ्या गावात मिळतं, पुढे नाही.
- स्थानिक सिमकार्ड आणि नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला. दऱ्यांमध्ये रेंज जाते.
- चौकोनी तीन पिनांच्या सॉकेटसाठी अडॅप्टर.
- खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, एक पांढरा किंवा फिका जोड. चटकन काढता येणाऱ्या चपला.
- पावसाची घोंगडी किंवा पोंचो, टॉर्च, डासांचं मलम, आणि जळवांसाठी लांब घट्ट मोजे.

स्वतः गाडी किंवा टुकटुक चालवायचा विचार असेल तर नुसता भारतीय परवाना चालत नाही. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि त्यावर तिथल्या ऑटोमोबाईल असोसिएशनची मान्यता घ्या, किंवा तिथल्या मोटार वाहतूक विभागाचा तात्पुरता परवाना घ्या. ‘कोणी विचारत नाही हो’ असं गाडी भाड्याने देणारे सांगतात. अपघात झाला की सगळेच विचारतात, आणि विमा हात वर करतो.

४. रेल्वे: आरक्षण मिळालं नाही तरी खट्टू होऊ नका

कोलंबो ते बदुल्ला हा मार्ग म्हणजे आतल्या भागाचा कणा. रेल्वे १८६७ मध्ये कँडीला पोचली आणि बदुल्लाला पोचायला १९२४ उजाडलं. वाटेत पट्टिपोला हे १,८९१ मीटरवरचं, देशातलं सर्वांत उंच स्थानक लागतं. एल्लाच्या पुढे देमोदराला रूळ गोल वळसा घेऊन स्थानकाच्याच खालच्या बोगद्यातून जातात.

आरक्षण साधारण तीस दिवस आधी उघडतं आणि प्रसिद्ध गाड्यांची तिकिटं बघता बघता संपतात. मग दलाल तिप्पट भाव सांगतात. देऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची अनारक्षित तिकिटं त्याच दिवशी स्थानकावर मिळतात. गर्दी कँडी ते एल्ला याच टप्प्यात असते. मी एल्लाच्या आधी, हपुतलेला उतरायचो आणि दोन स्थानकांपुरता प्रवास सकाळच्या साध्या गाडीने करायचो. डब्यात भाजीच्या टोपल्या, शिक्षिका, वडे विकणारे. खिडकी रिकामी आणि डोंगर तेच.

दारात लटकून फोटो काढताना पर्यटक जखमी झालेत, जीवही गेलेत. कडेच्या झाडांत, बोगद्यांत आणि डब्यात अंतर फार कमी आहे. दारात उभं राहू नका.

५. बस आणि टुकटुक

लाल बस सरकारी, बाकी रंगांच्या खाजगी. पाटी सिंहली, तमिळ आणि बहुधा इंग्रजीत असते, पण आतल्या गावांच्या बसवर कधीकधी फक्त सिंहली. कंडक्टरला गावाचं नाव सांगा, बाकी तो पाहतो. चढल्यावर ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या जागांवर बसू नका; त्या भिक्खूंसाठी राखीव असतात.

सर्वांत महत्त्वाचं: शेवटची बस किती वाजता, हे गावात पोचल्या पोचल्या विचारा, आणि दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. डुंबरा डोंगरातल्या एका वस्तीत मी दुपारी साडेतीनची बस शेवटची आहे हे साडेचारला ऐकलं. दुकानदार बाईंनी दुकानाला कुलूप लावलं, मुलाला टुकटुक काढायला लावली आणि मला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडलं. वाजवी भाड्याहून एक रुपया जास्त घेतला नाही. प्रत्येक वेळी असं माणूस भेटेलच असं नाही, म्हणून विचारून ठेवा.

होमस्टे ठरवतानाही असाच प्रश्न विचारा: ‘बस थांब्यापासून घर किती लांब आणि किती चढ?’ ऑनलाइन नोंदीत गावाचं नाव असतं, घर मात्र नऊ किलोमीटर वर डोंगरात निघतं. मला निघालं होतं.

६. पहिली पायपीट: तीन देवळं आणि मधली गावं

गावातून चालण्याची सवय लावायला कँडीजवळची ही वाट मला सर्वांत आवडते. कँडीहून बसने एम्बेक्केला जा. तिथून लंकातिलक साधारण तीन किलोमीटर, आणि पुढे गडलादेणिया तेवढंच. शेवटी पिलिमतलावेच्या मोठ्या रस्त्यावर बाहेर पडून परतीची बस. सकाळी आठला निघालात तर जेवायला परत.

एम्बेक्केचं देऊळ कातरगामाच्या देवाचं, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं. ढोल वाजवायच्या मंडपात कोरलेले लाकडी खांब आहेत. घाईत पाहिलं तर नुसती नक्षी. एकेका खांबापाशी बसून पाहा: कुस्ती खेळणारे मल्ल, माना एकमेकींत गुंफलेले हंस, बाळाला पाजणारी आई, दोन डोक्यांचा गरुड. मग मान वर करा. छपराच्या एका टोकाला सव्वीस वासे एकाच लाकडी खुंटीत येऊन अडकले आहेत. मी तिथे पोचलो तेव्हा एक म्हातारबा हाताच्या बोटांनी ते वासे मोजून नातवाला दाखवत होते. मीही त्यांच्याबरोबर मोजले, सव्वीसच भरले.

लंकातिलक आणि गडलादेणिया, दोन्ही १३४४ सालची. लंकातिलक उघड्या कातळावर उभं आहे. पुढच्या बाजूने बुद्धाचं, मागच्या बाजूने देवांचं. आणि त्या देवांत गणपतीबरोबर बिभीषणही आहे. रामायणात रावणाला सोडून गेलेला भाऊ एवढीच ज्याची ओळख आपल्याला, तो इथे बेटाचा रक्षक देव म्हणून पुजला जातो. पुजाऱ्याला विचारलंत तर प्रेमाने दार उघडून दाखवतात.

या वाटेवर खरी गंमत मधल्या सहा किलोमीटरची आहे. खाचरांच्या बांधावरून पायवाट जाते, मिरीचे वेल सुपारीवर चढलेले, अंगणात चटईवर लवंगा वाळत घातलेल्या. गडलादेणियाच्या बाजूला पितळेचं काम करणाऱ्यांची घरं आहेत. ठोक्यांचा आवाज आला की समजायचं. टुकटुकवाले ‘तीन देवळांची फेरी’ दीड तासात करून देतो म्हणतात. पाय दुखत असतील तरच घ्या.

देवळात टोपी आणि चपला बाहेर. दुपारी दगड भाजतो, मोजे चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं हा गंभीर अपमान समजतात, पोलीस तक्रारही होऊ शकते. अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर झाकून ठेवा. भिक्खूंना हात मिळवू नका, लांबून हात जोडा.

७. चहाचे मळे: फोटोच्या आधी थोडा इतिहास

१८६७ मध्ये जेम्स टेलरने कँडीजवळच्या लूलेकोंदेरा मळ्यात चहाची पहिली व्यापारी लागवड केली. दोनच वर्षांनी कॉफीवर तांबेरा आला, कॉफीचे मळे बसले आणि डोंगर चहाने भरले. हे सगळं ज्यांच्या हातांनी झालं ते मजूर तमिळनाडूतून आणलेले. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुसंख्यांना नागरिकत्वच नाकारलं. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारात लाखो माणसं दोन देशांत वाटली गेली, आणि उरलेल्यांचा प्रश्न मिटायला २००३ चा कायदा यावा लागला.

हे सांगतोय, कारण भारतीय पर्यटक मळ्यात जाऊन पहिला प्रश्न विचारतात, ‘तुम्ही मूळचे इंडियाचे ना?’ ज्यांच्या आजोबांना याच शब्दावरून परकं ठरवलं, त्यांना हा प्रश्न टोचतो. ‘वणक्कम’ म्हणा, गाव कोणतं ते विचारा, मुलांची शाळा विचारा. बोलणं आपोआप मागे जातं.

फोटो विचारून काढा. वजनाच्या वेळी मध्ये उभे राहू नका. पानं किती किलो भरली यावर त्या बाईची दिवसाची मजुरी अवलंबून असते आणि तिची नजर काट्यावर असते. ‘लाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मजुरांच्या खोल्यांच्या रांगांत बोलावल्याशिवाय शिरू नका. बोलावलं तर जरूर जा.

हपुतलेहून दंबातेन्ने कारखान्यापर्यंत बस जाते. तिथून लिप्टन सीट या उंचावरच्या, लांबवर दिसणाऱ्या जागेपर्यंत मळ्यातून चढत जाणारा रस्ता आहे. पहाटे निघा, नऊ-दहानंतर धुकं वर चढतं आणि काही दिसत नाही. लांब चालणाऱ्यांसाठी पेको ट्रेल आहे: कँडी ते नुवारा एलिया, बावीस टप्पे, तीनशे किलोमीटरहून जास्त. सगळा करायची गरज नाही, एखादा टप्पा पुरेसा. निघण्याआधी परवान्याचे नियम तपासा.

८. डुंबरा डोंगर आणि जळवा

इंग्रजांनी ज्याला नकल्स म्हटलं तो हा डोंगर. बाहेरून दिसणारा आकार मुठीच्या पेरांसारखा, म्हणून ते नाव. २०१० पासून हा जागतिक वारशात आहे. मीमुरे हे आतलं गाव प्रसिद्ध आहे. हुन्नसगिरियाहून पुढचा रस्ता खराब, तिथल्याच ड्रायव्हरबरोबर जा. जंगलवाटेला स्थानिक वाटाड्या घ्याच. वाटा फुटतात, धुकं दहा मिनिटांत उतरतं.

पावसाच्या दिवसांत जळवा येणारच. पँट मोज्यांत खोचा आणि मोज्यांना बाहेरून कोरडा साबण चोळा. चिकटलीच तर ओढू नका. नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा, जागा धुवा. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरण्यासारखं काही नाही.

९. तळ्यांची गावं

कोरड्या पट्ट्यात तळ्याला ‘वॅव’ म्हणतात. एकाचं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात, अशा तळ्यांच्या साखळ्या शतकानुशतकं शेती जगवत आल्या आहेत. २०१७ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. सायकल भाड्याने घ्या आणि सकाळी सहाला बांधावरून निघा. कमळं, पाणकोंबड्या, अंघोळीला आलेली माणसं. लोक तळ्यावर अंगाला कापड गुंडाळून अंघोळ करतात, तिकडे कॅमेरा वळवू नका.

संध्याकाळी पाचच्या आत परत या. हत्ती याच रस्त्यांवर उतरतात आणि सायकलस्वाराला ते अंधारात दिसत नाहीत. दिवसा रस्त्याकडेला हत्ती दिसला तरी थांबून खायला देऊ नका. विजेच्या तारांचं कुंपण दिसलं की ते चालू आहे असंच धरा.

१०. जेवण, आणि शाकाहाऱ्यांना एक शब्द

भात आणि चार-पाच भाज्या हे दुपारचं जेवण. दीडनंतर छोट्या दुकानांत संपत येतं. रात्रीचं जेवण होमस्टेत सकाळीच सांगावं लागतं. आयत्या वेळी मागितलं तर घरातल्या बाईला नव्याने चूल पेटवावी लागते.

शाकाहारी असाल तर ‘उंबलकड’ हा शब्द पाठ करा. वाळवलेल्या माशाचा हा चुरा नारळाच्या संबोलात, म्हणजे चटणीत, आणि साध्या भाजीतही पडतो, आणि करणाऱ्याला तो ‘मासा’ वाटतच नाही. ‘मस, मालू, उंबलकड एपा’ म्हणजे मांस, मासे, उंबलकड नको. हे जेवण ताटात आल्यावर म्हणून उपयोग नाही. आदल्या दिवशी म्हणा.

भाषा परकी वाटत नाही. भाताला ‘बत्’, गावाला ‘गम’, आभाराला ‘स्तुतियि’. मोठ्या बहिणीला ‘अक्का’, मोठ्या भावाला ‘अय्या’, वडीलधाऱ्या पुरुषाला ‘मामा’. दुकानात शिरताना ‘अक्के’ अशी हाक मारलीत की तुम्ही गिऱ्हाईक उरत नाही.

चहा मागताना ‘प्लेन टी’ म्हणा. बिनदुधाचा, तांबूस, काचेच्या पेल्यात येतो आणि बरोबर बशीत कित्तुल माडाच्या गुळाचा खडा. साखर पेल्यात घालायची नाही. खडा तळहातावर ठेवायचा, दाताने कण तोडायचा आणि वर घोट घ्यायचा. मी पहिल्यांदा तो खडा चहात टाकला, तेव्हा शेजारच्या बाकावरचे मामा काही बोलले नाहीत. त्यांनी आपला खडा तळहातावर घेतला, मला दिसेल असा धरला आणि सावकाश चावून दाखवला.